कणकण

रात्री साडेअकराला चाळीतला शेवटचा टीव्ही बंद होतो. मग उरतात तीन आवाज: मोरीतल्या बादलीत पडणारा थेंब, उड्डाणपुलावरून जाणाऱ्या गाड्यांची लांबलचक सळसळ आणि डोक्यावरच्या पंख्याची कटकट. चौथा आवाज हळूच येतो. सुरुवातीला तो आवाज वाटतच नाही, शेजारी बसून कुणीतरी नाकानं श्वास सोडतंय असं वाटतं. मी पानांची पीडीएफ काढायला लावलेली असते. श्वास मोठा होतो, आणखी मोठा होतो आणि एकदम शीळ घातल्यासारखा वर चढतो. आई कूस बदलते. मी डावा तळहात लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवते. टाइप करताना जिथं मनगट टेकतं त्याच्या बरोबर खाली हार्ड डिस्क आहे.

ताप आहे का, ते नंतर. आधी कणकण आहे का, एवढंच बघायचं.

अंग कोमट लागणं, कणकण असणं, ताप चढणं, अंग फणफणणं. थर्मामीटर घरात यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडच्या बायकांच्या तळहातांना या पायऱ्या ठाऊक आहेत. डिस्कच्या बाबतीत मी त्यांना आकडे लावून ठेवलेत. चाळीस अंशांपर्यंत अंग कोमट. पंचेचाळीसच्या वर कणकण. पन्नासला ताप. पंचावन्नला फणफण, म्हणजे काम थांबवायचं, झाकण उघडं ठेवून वारा घालायचा. बनवणारे साठपर्यंत चालेल असं लिहून देतात. पण साठची वाट कुठली आई बघेल?

आमची खोली लालबागला, तिसऱ्या मजल्यावर. वर पत्रे आहेत आणि दिवसभर प्यालेलं ऊन ते मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतात. दहा बाय बारा. खाली आई आणि मी, पोटमाळ्यावर वहिनी आणि भाचा, भाऊ बहुतेक रात्रपाळीला. शांत पडलेलं माणूससुद्धा साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी ऊब सोडत असतं. माझा लॅपटॉप काम करताना तीस-चाळीस वॉट ओढतो आणि ओढलेल्या प्रत्येक वॉटची शेवटी ऊबच होते. अक्षरं पडद्यावर उमटतात, पानं लागतात, पण वीज म्हणून आत गेलेलं बहुतेक सगळं गरम हवा होऊन डाव्या बाजूच्या झरोक्यातून बाहेर पडतं. खोलीत रात्री आणखी एक लहान मूल निजायला आल्यासारखंच ते आहे. ही ऊब वर पोटमाळ्याकडं जाते, वहिनीकडं आणि भाच्याकडं. म्हणून मी लॅपटॉप असा वळवून ठेवते की झरोका दाराकडं होतो आणि दार गॅलरीत उघडं असतं. उष्णता संपवता येत नाही, तिला वाट करून द्यावी लागते. पंखा थंड करतो असं आपण म्हणतो खरं, पण तो फक्त वाट करून देतो. खोलीत बत्तीस अंश असतील तर बत्तीसच्या खाली तो काही नेऊ शकत नाही.

लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. रस्त्याचं नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण तिथं दुकान असलेल्या माणसाच्या तोंडीसुद्धा जुनंच नाव येतं. कुठल्या तरी ऑफिसात तीन-चार वर्षं राबून आलेला, काळा, जाडजूड. या जातीच्या लॅपटॉपात पंख्याला शून्य ते सात अशा पायऱ्या असतात आणि बाहेरून एक छोटा प्रोग्रॅम टाकला तर त्या आपल्या हातात येतात. साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीत एक तापमान आणि त्याच्यापुढं पायरी. अमुक अंशांना एक, तमुक अंशांना तीन, त्यापुढं सात. पान लावायचं काम करणाऱ्या बाईला हे तक्त्यासारखं वाटलं म्हणून मी त्यात शिरले, नाहीतर यंत्राच्या पोटात हात घालायचा माझा पिंड नाही.

शिरायला कारण मात्र घडलं होतं. याच्या आधीच्या लॅपटॉपची डिस्क एका ऑक्टोबरात गेली. दिवाळी अंकाची पानं चालू होती. टक, टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. आतली सुई आपली जागा शोधत होती आणि तिला ती सापडत नव्हती. त्या डिस्कवर अंकाची पानं होती, त्यांची प्रत प्रेसमध्ये होती म्हणून निभावलं. पण आईचं गिरणीचं कार्ड, तिच्या ईएसआयच्या कार्डाची दोन्ही पानं, पगाराच्या चिठ्ठ्या, यांची मी काढलेली चित्रं त्याच एका जागी होती. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायचे म्हणून आमच्या मजल्यावरच्या बायका आपापले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडं आल्या होत्या. कुणाचा तिकीट नंबर दिसतोय तर नाव पुसलंय, कुणाचा फोटो आहे तर शिक्का नाही. मी एकेक कागद उन्हात धरून, इस्त्रीखाली सरळ करून स्कॅन केला होता. टकटक सुरू झाली आणि दहा-अकरा बायकांनी अमुक सालापासून अमुक सालापर्यंत काम केलं होतं, याचा पुरावा त्या आवाजात जाऊ लागला. मूळ कागद पुन्हा गोळा केले. दोघींच्या कागदांना तोवर बुरशी धरली होती.

आता सगळ्याच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याजवळ, एक पेनड्राइव्हवर कपाटात, एक डोंबिवलीला बहिणीकडं. तरी रात्री हात डिस्कखाली जातो तो जातोच. एसएसडी घे, तिला फिरतं काही नसतं, असं मला दुकानात दहा वेळा सांगितलंय. घेईनही. पण एवढी जागा असलेली एसएसडी घ्यायची तर अजून एका दिवाळी अंकाचं काम व्हायला हवं, आणि तोवर ही फिरती तबकडी माझ्या भरवशावर आहे.

ही तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्यावरून वाचणारं टोक तबकडीला टेकत नाही, हवेच्या एका पातळ थरावर तरंगतं. तो थर काही नॅनोमीटरचा. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट. आणि ही हवा कुठली? बाहेरचीच. डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, आत गाळणी असते आणि शेजारी छापलेलं असतं की हे भोक झाकू नका. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला कसंसंच झालं. मी तिला बंद डबी समजत होते. ती तर आमच्याच खोलीतला श्वास घेत होती, फोडणीचा, उदबत्तीचा, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा.

तेव्हापासून एक वही ठेवली. शंभर पानी, रेघांची. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, डिस्कचं तापमान, पंख्याची पायरी. डिस्कमध्ये तिचा स्वतःचा थर्मामीटर असतो आणि तिच्या आयुष्याची नोंदही असते: किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, कुठली जागा खराब झाली म्हणून तिनं गुपचूप बाजूला टाकली. वही तीन वर्षांची झाली तसा एक सरळ हिशेब दिसायला लागला. डिस्क खोलीपेक्षा पंधरा-सोळा अंश वर असते, जवळजवळ नेहमी. जानेवारीत पहाटे खोली चोवीसवर येते तेव्हा डिस्क एकोणचाळीस. मेमध्ये खोली तेहेतीस, डिस्क अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. ऑक्टोबर मे महिन्याहून वाईट. पावसाळा सरताना वारा पडतो, पत्रे तापतात, हवेतलं पाणी मात्र हटत नाही. दिवाळी अंकांची पानं लागतात ती नेमकी याच दिवसांत.

१९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तिथून ही प्रथा सुरू झाली. तेव्हापासून मराठी छपाईची सगळ्यात मोठी धावपळ आणि मुंबईतली सगळ्यात घामट हवा यांची एकाच महिन्यात गाठ पडत आलीये. कितीतरी जुळाऱ्यांनी या महिन्यात बनियनवर उभं राहून खिळे जुळवले असतील, याचा विचार करते तेव्हा माझा लॅपटॉप एकटा राहत नाही.

डिस्कला उष्णता किती बाधते, यावर मी जे काही हाती आलं ते वाचलं. २००७ साली गुगलच्या तिघांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. जास्त ताप म्हणजे जास्त मरण, असं सगळे धरून चालले होते. त्यांना तसं सरळ दिसलं नाही. उलट गारठलेल्या डिस्क जास्त गेल्या होत्या. फार तापलेल्या आणि तीन वर्षांच्या पुढं गेलेल्या डिस्कना मात्र उष्णता बाधत होती. आणखी एक गोष्ट त्यात होती, ती वाचून मी वही मिटून बसले. गेलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त अशा होत्या, की जाण्याआधी त्यांनी बिघाडाची एकही खूण दाखवली नव्हती.

दुसरा अभ्यास २०१६ सालचा, मायक्रोसॉफ्ट आणि रटगर्स विद्यापीठाच्या लोकांचा. नऊ डेटा सेंटर, दहा लाखांहून अधिक डिस्क. त्यांना आढळलं की तापमानापेक्षा हवेतला दमटपणा जास्त घात करतो आणि तो तबकडीपेक्षा तिच्या मागच्या सर्किटांना, जोडांना धरतो. हे मी आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “म्हंजे कापसाला जे मानवतं ते हिला मानवत नाही.”

आई वायंडिंग खात्यात होती. कांडीवरचं सूत कोनावर घ्यायचं. गिरणीत दमटपणा मुद्दाम ठेवत. कोरड्या हवेत धागा ठिसूळ होतो, तुटतो. साचेखात्यात हवा ७५-८० टक्क्यांपर्यंत ओलसर ठेवायची म्हणून खिडक्या बंद, पाण्याचा फवारा चालू आणि आत माणसं घामानं निथळलेली. यंत्राला काय सोसतं ते आधी, माणसाला काय सोसतं ते नंतर, हा हिशेब तिच्या अंगावर उमटलेला आहे. कापसाच्या तंतूंनी तिची छाती आजही पावसाळ्यात भरून येते. मुंबईची ओली हवा सुताला मानवली, हे इथं गिरण्या फुलण्याचं एक कारण म्हणून शाळेच्या पुस्तकात शिकवतात. तीच हवा आता माझ्या डिस्कला नको आहे. त्यामुळं गिरगावच्या प्रेसमधून निघताना मी लॅपटॉप लगेच पिशवीत घालत नाही. तिथं एसी असतो, लॅपटॉप गार पडलेला असतो. तसाच चर्नी रोडच्या गर्दीत आणला तर फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा त्याला घाम सुटेल, तोही आतून. म्हणून जिन्यात दहा मिनिटं थांबते. पिशवीत घालते, बाहेरून टॉवेल गुंडाळते. लोअर परळला उतरून करी रोडचा रस्ता तुडवत घरी येते आणि आल्या आल्या चालू करत नाही. त्याला अंगावर वारं येऊ देते. बाहेरून आलेल्या घामेजल्या माणसाच्या हातात लगेच थंड पाणी देऊ नये म्हणतात, तसंच हे.

पंख्याच्या पायऱ्यांत मी सुरुवातीला चुकले, ती चूक वेगळीच होती.

पंखा ऐकतो प्रोसेसरचं. पीडीएफ काढायला लावली की प्रोसेसर पाच सेकंदांत पन्नासवरून ऐंशीवर जातो आणि पंखा धावत सुटतो. काम संपलं की तो तितक्याच लवकर निवतो, पंखा थांबतो. डिस्कचं तसं नाही. ती सावकाश तापते, सावकाश निवते आणि तिचा ताप पंख्याच्या कानावर जातच नाही. तिकडं प्रोसेसर भोकाड पसरतो, त्याच्याकडं सगळे धावतात. ही कोपऱ्यात गप्प बसून एकेक अंश चढत राहते. आईला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. “रडणाऱ्या पोराचं काय नसतं गं. गप बसलेल्याच्या कपाळाला हात लावावा.”

पण माझं लक्ष तेव्हा डिस्कपेक्षा आईच्या झोपेवर होतं. दहा बाय बाराच्या खोलीत पंख्याची पायरी म्हणजे शेजारी निजलेल्या माणसाची झोप. सातव्या पायरीला माझा पंखा मिनिटाला चार हजारांच्या वर फेरे घेतो. त्या शिळेनं ती कूस बदलते, वर भाचा कण्हतो. म्हणून मी फाइलीत आकडे वर वर सरकवले. पासष्टपर्यंत शून्य. पुढं एक. ऐंशीच्या पुढंच तीन. त्यानं दुसराच त्रास झाला: प्रोसेसर पासष्टच्या आसपास घुटमळायचा आणि पंखा दर अर्ध्या मिनिटाला सुरू, बंद, सुरू, बंद. त्यावर उपाय चाळीच्या टाकीनं शिकवला. खालच्या टाकीवरचा पंप पाणी एका खुणेच्या खाली गेलं की सुरू होतो, पण बंद होतो तो फार वरच्या खुणेला. दोन्ही खुणा एकच असत्या तर पंप रात्रभर उचक्या देत राहिला असता. पंख्यालाही चढायचा आकडा एक आणि उतरायचा त्याच्याहून आठ-दहा अंश खाली, असं करून दिलं. उचक्या थांबल्या. रात्रीच्या रात्री शांत जायला लागल्या. डिस्क बावन्नवर जाऊन बसत होती, तेवढं मी वहीत लिहीत होते आणि आईकडं बघून सोसत होते.

चौथ्या की पाचव्या रात्री आई उठून बसली. दोन वाजले असतील. अंधारात म्हणाली, “काय गं, बंद पडलं?”

“नाही, चालू आहे. तुला झोप लागावी म्हणून आवाज कमी केलाय.”

“मग तरीच,” ती म्हणाली. “चार रात्री मला जाग येतीय. वाटतं काय तरी तुटलंय.”

त्या रात्री तिनं मला वायंडिंग खात्याचं जे सांगितलं, ते आधी कधी सांगितलं नव्हतं. खात्यात इतका आवाज असे की शेजारणीशी बोलायचं तर ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून. पण त्या आवाजात आपल्या चात्यांचा आवाज वेगळा कळायचा. नव्या बाईला सगळा गोंगाट एकच वाटतो, तीनेक महिन्यांनी तो सुटा होतो, धान्य पाखडल्यासारखा. पाठ केलेली असली तरी धागा तुटून एखादी चाती गप्प झाली की मान आपोआप वळायची. तुटलेली दोन टोकं धरायची, गाठ मारायची, टोक कापायचं, पुढं. “आवाज चालू असला म्हंजे डोळा लागला तरी भ्या नसायचं,” ती म्हणाली. “दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिथंच पाठ टेकायचो. गप्प झालं की धस्स व्हायचं.”

मग थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मला वाटलं निजली. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख माणसं उभी राहिली. पहिल्या काही रात्री लालबाग-परळमध्ये कुणाला झोप लागेना, असं ती म्हणाली. पोटाची काळजी तर होतीच, पण तिन्ही पाळ्यांचा जो गुंजारव जमिनीतून, भिंतीतून चोवीस तास यायचा, तोच थांबला होता. लहान पोरं रडत उठायची. भोंगा वाजायचा नाही म्हणून म्हातारे पहाटे तीनलाच उठून बसायचे, वेळ चुकली असं वाटून. त्या गिरणीनं पुढं आईला कामावर घेतलंच नाही. आज तिथं काचेचा टॉवर आहे आणि त्याच्या एसीचा घोंघाट आमच्या गॅलरीत ऐकू येतो. आईचं त्याच्याशी काही भांडण नाही. पण तो आवाज तिला आपला वाटत नाही, एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी फाइल पुसून नवी लिहिली. शून्य ही पायरीच काढून टाकली. लॅपटॉप चालू आहे तोवर पंखा दोनवर, अखंड. खूप तापलं तर चढेल, पण दोनच्या खाली येणार नाही. शीळ नाही, उचकी नाही, दूरच्या खात्यातून यावी तशी बारीक एकसुरी घूं. डिस्क बावन्नवरून सेहेचाळीसवर उतरली. तिला लागत होता तो थोडा थोडा पण सतत वारा, आणि आईलाही तेच लागत होतं. एवढं कळायला मला तीन वर्षांची वही लागली.

गिरगावच्या आमच्या प्रेसमध्ये एक वयस्कर जुळारी आहेत, आता प्रुफं बघतात. पंख्याची ही सगळी हकिकत मी त्यांना सांगितली, तेव्हा ते आधी उष्णतेबद्दल बोलले. याच गिरगाव-काळबादेवीच्या पट्ट्यात जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे खिळे देशभर नावाजले, त्यामागं राणोजी रावजी आरू यांचा हात होता, पोलादावर अक्षर कोरणारा. त्यावरून मातृका आणि मातृकेत ओतायचं शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण, तीनशे अंशांच्या आसपास तापवलेलं. “अँटिमनी कशाला घालायचे माहितीये?” त्यांनी विचारलं. “नुसतं शिसं निवताना आकसतं. वेलांटीचं टोक जातं, काना बारीक होतो. अँटिमनी त्याला फारसं आकसू देत नाही.” बोलताना त्यांची दोन बोटं चिमटीत खिळा धरल्यासारखी जुळली होती. त्यांच्या ओळखीतल्या सगळ्या अक्षरांनी एकदा तरी ताप काढलेला होता आणि निवल्यावरच ती अक्षरं हाताला लागली होती.

अक्षरांसारखाच ताप पुढं यंत्रानंही काढला. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या हाताखालच्या मंडळींनी गणकयंत्र बांधलं, ते १९६० साली कामाला लागलं. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्यात २७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीच्या पोटात तापलेली तार, एकेक लहानसा निखारा. त्याची आठवण किती होती? चाळीस-चाळीस बिटांचे २०४८ शब्द. माझ्या एका फॉन्टच्या फाइलीलाही ती सगळी आठवण पुरली नसती. पण ती ऊब खोलीबाहेर काढणाऱ्यांना जी काळजी होती, ती माझ्या ओळखीची आहे.

दर वर्षी गणपतीआधी मी लॅपटॉप उघडते. जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर पाट, पाटावर लॅपटॉप उताणा. स्क्रू काढले की ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं कॅरमच्या सोंगट्यांवर ठेवते. त्याच सोंगट्या एरवी लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली दोन-दोन रचलेल्या असतात, पोटाखालून वारा खेळावा म्हणून, आणि त्यानं सरळ तीन अंशांचा फरक पडतो. दुकानात ब्लोअर मारून देतात, पण जोराच्या वाऱ्यानं पंखा भलत्या वेगानं गरगरतो आणि त्याच्या बेअरिंगवर ताण येतो. म्हणून मी पात्याला बोट लावून ठेवते आणि रंगाच्या जुन्या ब्रशनं झाडते. पंखा उचलला की खाली तांब्याची चपटी नळी दिसते आणि तिच्या टोकाला पातळ पत्र्यांची फणी. खरा मळ त्या फणीच्या तोंडाशी असतो. धूळ सुटी नसते. ती दाबून दाबून नमदा झालेली असते, करड्या रंगाची, एका तुकड्यात चिमट्यानं उचलता येईल अशी.

यंदा तो तुकडा मी वर्तमानपत्रावर ठेवला आणि आईनं तो उचलला. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून सावकाश चोळला, डोळे मिटून. “कापूस आहे,” म्हणाली. “गादीचा. आणि हे सूत, तुझ्या ओढणीचं. चाळीस नंबरचं असेल.” मग तिनं तो नाकाजवळ नेला आणि तिला सटासट तीन शिंका आल्या. मी वास घेतला. मिरची. एप्रिल-मेमध्ये खालच्या गल्लीत डंकावर अख्ख्या मुंबईचा मसाला कुटतात, तेव्हा तांबूस धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. आम्ही खोकतो, दारं लावतो, विसरून जातो. पंख्यानं तो विसरला नव्हता. फणीच्या पत्र्यांवर बारीक तांबडी छटा होती, हळदीचीही असेल. आई ब्रश घेऊन बसली आणि माझ्या हातून निसटलेले दोन तंतू तिनं नखानं उचलून काढले. सत्तरीतल्या त्या बोटांना अजूनही टोक सापडतं.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून मुगाएवढी नवी लावली, पंखा बसवला, स्क्रू लावले. चालू केल्यावर डिस्क दोन अंशांनी खाली आली.

गणपतीच्या दहा दिवसांत मात्र मी संध्याकाळनंतर डिस्क चालवत नाही. २००८ च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग नावाच्या एका अभियंत्यानं डिस्कच्या रॅकसमोर उभं राहून जोरानं ओरडून दाखवलं होतं, आणि प्रत्येक ओरडण्याबरोबर डिस्क अडखळताना पडद्यावरच्या आलेखात दिसत होती. आमच्या गल्लीतून ढोल-ताशा जातो तेव्हा फळीवरचे डबे एकमेकांना लागून किणकिणतात. त्या रात्री तिलाही सुट्टी, आम्हीही रस्त्यावर.

आज काम लवकर आटोपलं. कथेची बारा पानं लागली, एका पानाच्या माथ्यावर विधवा ओळ, म्हणजे परिच्छेदाची एकटी पडलेली शेवटची ओळ, राहिली होती, ती मागच्या पानात ओढली. वहीत लिहिलं: २.१०, खोली ३१, डिस्क ४६, पायरी २. आता बंद करायचं. बंद केलं की पंखा तीन-चार सेकंद आणखी फिरतो आणि मग थांबतो, आणि नेमकं तेव्हा आईची पापणी हलते, हे मी आता अनेकदा पाहिलंय. म्हणून मी आधी उठते. अंधारात भिंत चाचपडत छताच्या पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत जाते आणि त्याला तीनवरून चारवर करते. तो कटकट करत वेग घेतो. त्याचा आवाज पुरेसा भरला की मी परत येऊन लॅपटॉप बंद करते. तळहात पुन्हा त्याच्या पोटाखाली असतो. आई हलत नाही.